पौर्णिमेचा मुहूर्त

१२ जुलै, सोमवार

आज सकाळी पूजा आटोपल्यावर मी देवघरातलं पंचांग धुतलेल्या रुमालात बांधलं आणि पिशवीत घालून कचेरीत नेलं. आजवर असं कधी केलं नव्हतं. देवाचं घरी आणि नोकरीचं कचेरीत, असा माझा नेम. पण केंद्राचे संचालक विश्वासराव यांनी शनिवारीच बजावून ठेवलं होतं.

कारण लिहून ठेवतो. अकरा देशांनी मिळून आशियाई अवकाश संघ केला. प्रत्येकाचं केंद्र वेगळं, उपग्रह वेगळे, नियम वेगळे होते. आता सगळं एक होणार. आमचं ग्वाल्हेरचं केंद्रही त्यात जाणार. आमच्याकडे ‘तारक’ हा एकच उपग्रह. समुद्रात होडी अडचणीत आली की खलाशी आपल्या यंत्राचं लाल बटण दाबतो. ती हाक तारक ऐकतो, आमच्याकडे पोचवतो, आणि आम्ही किनाऱ्यावर बचावाच्या बोटींना कळवतो. संघाची नवी उपग्रहमालिका हेच काम अकरा देशांसाठी करणार आहे. तिला जुन्या यंत्रांची हाक कळत नाही, म्हणून होड्यांवर नवी यंत्रं द्यावी लागतील. फक्त दोघांची फ्रिक्वेन्सी एक. तारक बोलत असेपर्यंत नव्या मालिकेला काही ऐकू येत नाही. म्हणून ज्या क्षणी ती सुरू, त्याच क्षणी तारक बंद. तो बंद करण्याचा आदेश माझ्या टेबलावरून जायचा आहे.

हे कधी करायचं यावर तीन महिने भांडण चाललं. प्रत्येकाला आपला राष्ट्रीय दिवस हवा होता. शेवटी ढाक्याच्या एक बाई म्हणाल्या, चंद्र कुणा एकाचा नाही, पौर्णिमा धरा. हे सगळ्यांना पटलं. मला तर फार आवडलं. मग वेळ काढायला आमच्याकडे माणूस आहे, असं विश्वासरावांनी भर सभेत सांगून टाकलं.

“काढा बघू भटजी, श्रावणातली पौर्णिमा कशी आहे?”

मी म्हणालो, “साहेब, परवा एकादशीला चातुर्मास बसतो. मुहूर्त असा नाही. काढीव मिळेल.”

“काढीव तर काढीव. आपल्याला काय लग्न लावायचं आहे?” मग स्वतःच हसले. “ग्यारा घरं एक करायची, म्हणजे लग्नच की!”

मी सतरा ऑगस्ट सांगितलं, सकाळची भद्रा, म्हणजे अशुभ वेळ, संपल्यावर, अकरानंतर. त्यांनी माझ्यासमोरच अकरा राजधान्यांना कळवलं. माझे वडील खेड्यातल्या देवळाचे पुजारी होते. मी त्याच गावच्या शाळेत शिकलो. तिथे बाकं नव्हती. वडिलांनी शिकवलेलं गणित आज इतक्या देशांनी मानलं, याचा मला आनंद झाला. तो झाला नाही असं लिहिणं खोटं होईल.

१६ जुलै, शुक्रवार

कोलंबोहून संघाचे निरीक्षक आले, जयतिलक साहेब. माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. बदल पुरा होईपर्यंत इथेच राहतील. थाटीपुरात आमच्याच रांगेतला एक सरकारी बंगला त्यांना दिला आहे. आम्ही दोघं तोडक्यामोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत बोलतो.

पौर्णिमेची तारीख ऐकून ते म्हणाले, “चांगला दिवस. आमच्याकडे प्रत्येक पौर्णिमेला पोया असतो. सुट्टी. बऱ्याच होड्या त्या दिवशी किनाऱ्यालाच असतात. बदल करताना समुद्र रिकामा असलेला बरा.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुहूर्त काढताना मी फक्त आकाश पाहिलं होतं. देवाने माझ्याकडून नकळत योग्य तेच करवून घेतलं असं वाटलं. घरी येऊन देवापुढे दोन फुलं जास्त वाहिली.

२० जुलै, मंगळवार

केंद्रावर विशेष काही नाही. घरी मात्र पद्माने आतापासूनच नारळाची आठवण केली. इंदरगंजात चांगला नारळ मिळत नाही, बाड्याच्या बाजारातून आणा म्हणते. श्रावणातल्या पौर्णिमेला आमच्याकडे नारळीभात होतो. ग्वाल्हेरच्या सगळ्या मराठी घरांत होतो.

शरयू म्हणाली, “आई, त्या दिवशी राखी असते, सगळे घेवर खातात. आपल्यालाच भातात नारळ का घालायचा? लॉजिक क्या है?”

“पूर्वीपासून घालतात.”

“बाबा, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला तर सगळं माहीत असतं ना.”

मला माहीत नव्हतं. वडिलांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. श्रावणी, जानवं बदलणं, राखी आणि नारळीभात, एवढीच आमची ती पौर्णिमा. कोकणातून निघालेले आमचे पूर्वज किती पिढ्यांपूर्वी इथे आले ते आता कुणी सांगत नाही. मी समुद्र एकदाच पाहिला आहे, तोही प्रशिक्षणाला गेलो असताना बसच्या खिडकीतून.

२६ जुलै, सोमवार

कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीतून फोन आला. बाई बोलत होत्या. नाव उषाताई, सोसायटीत होड्यांच्या यंत्रांचं काम बघतात. म्हणाल्या, “साहेब, नवी यंत्रं कवा येनार? जुनी जमा करायची का ठेवायची?”

मी म्हणालो, “नवी आल्याशिवाय जुनी देऊ नका. मी वर कळवतो.”

“कळवतो तर सगलेच. तुमी निदान मराठी तरी बोलता. मागच्या खेपेला कोनी तरी विंग्रजीत धन्यवाद म्हनून फोन ठेवला.”

मी हसलो. त्यांचं मराठी माझ्या कानाला नवं होतं, तरी बरं वाटलं. दुपारी विश्वासरावांकडे विषय काढला. यंत्रं तयार आहेत, पण बंदरातल्या गोदामात पडली आहेत. यंत्रावर संघाचं चिन्ह लागायचं आहे आणि चिन्हाखाली देशांची नावं कोणत्या क्रमाने लिहायची ते अजून ठरलेलं नाही. श्रीलंकेत मात्र ती वाटून झाली आहेत.

“आणि श्रीलंकेला कशी मिळाली?” मी विचारलं.

“त्यांनी स्वतःची बनवली, चिन्हाची वाट पाहिली नाही. होऊन जाईल हो. अजून वेळ आहे.”

३० जुलै, शुक्रवार

आज उषाताईंचा पुन्हा फोन. यंत्रं आली नाहीत. मी धीर द्यायला म्हणालो, “ताई, घाई काय आहे? पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली तरी तुमच्या छोट्या होड्या लगेच थोड्याच जातात?”

त्या म्हणाल्या, “मोठे ट्रॉलरवाले एक तारखेला जातील. त्यांच्याकडं पैसा हाय, त्यांनी आपले वेगले सॅटेलाइटचे फोन घेतले. आमी नाय जात. आमी दर्याला नारल देतो, मगच होड्या सोडतो.”

“कधी देता?”

त्या म्हणाल्या, “साहेब, तुमी मराठीच ना? नारली पुनवेला. अजून कवा?”

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ समोरच्या पडद्यावर तारकची रेघ शांतपणे सरकत होती. मी त्याच दिवशी त्याला बंद करायला सांगितलं आहे. वर्षातल्या सगळ्या दिवसांतून मी नेमका तोच दिवस काढून दिला, जेव्हा छोट्या होड्या समुद्रात उतरतात. नाव माझ्या पंचांगात छापलेलं आहे. नारळी पौर्णिमा. मी ते दर वर्षी वाचतो.

३१ जुलै, शनिवार

सकाळी विश्वासरावांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, समुद्राशी त्यांचा संबंध माझ्यापेक्षाही कमी.

“तारीख पुढे ढकला,” मी म्हणालो.

“कुणाला सांगू? तीन महिने भांडून एक दिवस मिळाला आहे. मी आता म्हटलं की आमच्या होड्यांसाठी थांबा, तर दुसरा म्हणेल आमच्या निवडणुकीसाठी थांबा, तिसरा म्हणेल मग आमचाच दिवस घ्या. संघ फुटून जाईल, रमाकांतजी. या तारखेला कुणी हात लावत नाही, कारण ती कुणाची नाही. पंचांगाची आहे.”

“मग?”

“मग काही नाही. पंचांगच बोललं असतं तर गोष्ट वेगळी होती. माझं कोण ऐकतं? तुमचं ऐकतात.” हे त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी माझ्याकडे पाहून.

मी म्हणालो, पंचांग तर आधीच बोललं आहे, तेच नडतंय. ते हात जोडून म्हणाले, “जा भटजी, चहा घ्या.” नाराज दिसले. का ते कळलं नाही.

३ ऑगस्ट, मंगळवार

आज माझ्या हातून वाईट झालं.

उषाताईंचा फोन आला तेव्हा जयतिलक साहेब माझ्या शेजारी उभे होते. नवी व्यवस्था कितपत तयार आहे याबद्दल केंद्रातल्या कुणी बाहेर बोलायचं नाही, ते संघाचं मुख्यालय बोलेल, असा लेखी हुकूम आहे.

त्या म्हणाल्या, “भाऊ, बाकी सगलं ऱ्हाऊं दे. येकच सांगा. पुनवेला आमचा मानूस जाईल, तवा बटन दाबलं तर तुमच्या यंत्राला हाक ऐकू येईल का?”

मी म्हणालो, “येईल.”

“बस. झालं मग,” त्या म्हणाल्या. किती मोकळ्या आवाजात म्हणाल्या!

जयतिलक साहेबांना मराठी येत नाही. मी खरं बोललो असतो तरी त्यांना कळलं नसतं. मग मी कुणाला भ्यालो?

८ ऑगस्ट, रविवार

विश्वासराव संध्याकाळी घरी आले. पद्माने थालीपीठ केलं. खाता खाता ते शरयूच्या कॉलेजबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, टेम्पोवाल्यांच्या संपाबद्दल बोलले. मग एकदम म्हणाले, “रमाकांतजी, तुमचे वडील मोठे माणूस होते असं ऐकलं आहे. त्यांच्याकडून कधी गणितात चूक झाली होती का?”

मी म्हणालो, “कधीच नाही.”

“झाली असती तर त्यांनी कबूल केली असती?”

“लगेच.”

“मग चूक कबूल करण्यात कमीपणा नाही. असं माझं मत आहे बुवा.” त्यांनी हात धुतले आणि गेले. जाताना पद्माला म्हणाले, “वहिनी, हे फार सरळ आहेत. फारच.”

दार लावल्यावर शरयू कपाळाला हात लावून म्हणाली, “बाबा, अंकल क्या बोल रहे थे, तुम्हाला समजलं नाही?”

“काय?”

“अरे, ते तुम्हाला सांगत आहेत की म्हणा मुहूर्त चुकला. भद्रा, राहू, जो भी है, म्हणा त्या दिवशी खराब आहे. तारीख बदलेल. त्यांना स्वतःला बोलता येत नाही म्हणून तीन वेळा फिरवून बोलले बिचारे!”

पद्मा भांडी आवरत होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणजे तिलाही कळलं होतं.

मी शरयूवर ओरडलो. पंचांगाच्या नावाने खोटं बोलायचं असतं तर वडील गरिबीत मेले नसते, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, “ठीक आहे बाबा. मग त्या होडीवाल्यांना पण हेच सांगा.” आणि आत निघून गेली.

११ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस पूजेत मन नाही. हात सवयीने चालतात. गंध लावताना आज मूर्तीच्या डोळ्यात बोट गेलं.

मी आयुष्यात खोटं बोललोच नाही असं नाही. तीन तारखेला बोललो. पण ते भीतीने, तोंडातून निसटलं. आता बोलायचं ते विचार करून, पंचांग हातात धरून, आणि लोकांनी विश्वास ठेवावा म्हणूनच बोलायचं. माणूस खोटं बोलला तर लोक त्या माणसाला खोटा म्हणतात. पंचांगाच्या तोंडी खोटं घातलं की पुढे कुणी कशाला मानावं?

दुसरीकडे एक बाई “बस, झालं मग” म्हणून निश्चिंत बसली आहे.

कचेरीची बस इंदरगंजच्या चौकात सोडून आज पायी विठ्ठलाच्या देवळात गेलो. काही मागितलं नाही. काय मागायचं तेच कळलं नाही.

१२ ऑगस्ट, गुरुवार

केलं.

सकाळी अकरा देशांची सभा पडद्यावर होती. विश्वासरावांनी मला शेवटी बोलायला लावलं. मी पंचांग समोर धरलं आणि म्हणालो की माझ्याकडून चूक झाली, भद्रा दिवसभर आहे, या वेळी केलेलं शुभकार्य टिकत नाही. पुढे पितृपक्ष येतो, म्हणून थेट दसरा धरावा, दसऱ्याला मुहूर्त पाहावा लागत नाही. आवाज कापला नाही. याचंच मला आश्चर्य वाटलं.

मला वाटलं होतं कुणीतरी तपासेल. बाजारात मिळणारं कोणतंही पंचांग उघडलं असतं तरी माझं खोटं उघडं पडलं असतं. कुणी उघडलं नाही. ढाक्याच्या बाईंनी तर माझे आभार मानले, वेळेवर सांगितलंत म्हणाल्या.

बाहेर आल्यावर विश्वासरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “मोठं काम केलंत. कुणाला कळणार नाही.”

देवाला कळलं आहे. घरी येऊन पंचांग रुमालात बांधून कपाटात ठेवलं. देवघरात ठेववलं नाही.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

मुख्यालयाचं उत्तर आलं. मुहूर्ताचा मान राखून समारंभ दसऱ्याला होईल. पाहुणे, भाषणं, दीपप्रज्वलन, सगळं दसऱ्याला. तांत्रिक बदल मात्र ठरल्याप्रमाणे सतरा तारखेलाच होईल, कारण त्याला मुहूर्ताची गरज नाही.

म्हणजे माझ्या खोट्याने फक्त हारतुरे पुढे गेले.

मी तो कागद घेऊन जयतिलक साहेबांकडे गेलो. रागावलो होतो. म्हणालो, “तुम्हाला एवढी घाई कशाची आहे? दोन महिन्यांत आमच्या लोकांना यंत्रं मिळाली असती. जुन्या यंत्रांवर माणसं समुद्रात जाणार आहेत.”

त्यांनी मला बसायला सांगितलं. “रमाकांत, आमच्या लोकांना नवी यंत्रं मे महिन्यात दिली. तेव्हाच जुनी जमा करून घेतली. दोन्ही ठेवायची नाहीत, असा संघाचा नियम.”

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. तारक नव्या यंत्रांची हाक ऐकत नाही. आणि तारक आहे तोवर नवी मालिकाही ऐकू शकत नाही.

“म्हणजे मे महिन्यापासून...”

“मे महिन्यापासून बटण दाबलं तर कुणालाच ऐकू जात नाही. जूनमध्ये आमच्या दोन होड्या परत आल्या नाहीत. बटण दाबलं असेल की नाही, सांगता येत नाही. माझा धाकटा भाऊ रोज जातो. आज पण गेला आहे.”

“हे तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“बोलायचं नाही, असा हुकूम मलाही आहे. आणि तुम्ही विचारलं नाही. तुमच्याकडे पौर्णिमेला होड्या सुटतात, हे मीही विचारलं नव्हतं. मी तर चांगला दिवस म्हणालो होतो.”

माझं खोटं चाललं असतं तर त्यांच्या लोकांनी आणखी दोन महिने मुक्या यंत्रांवर काढले असते. मी पुण्य समजून तेच करायला निघालो होतो. अकरा देश एका टेबलाशी बसले, चंद्र सगळ्यांचा म्हणाले, आणि शेजाऱ्याची होडी कधी सुटते हे एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही.

१५ ऑगस्ट, रविवार

केंद्रात झेंडावंदन. पाऊस होता. लाडू वाटले.

तारक चालू ठेवला तर जयतिलकांचा भाऊ. बंद केला तर उषाताईंचा माणूस. काल दिवसभर मी यातून वाट शोधत होतो आणि सापडत नव्हती. आज पद्माला सगळं सांगितलं. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, “बंद तर करावंच लागेल. पण तुम्ही त्या बाईला ऐकू येईल म्हणून सांगितलं आहे ना? ते कधी मागे घेणार?”

“बोलायला बंदी आहे. बोललो तर मला संघात घेणार नाहीत. कदाचित इथूनही काढतील.”

“ते मला माहीत आहे. मी ते विचारलं नाही.”

१६ ऑगस्ट, सोमवार

दुपारी माझ्या मोबाईलवरून नाही, केंद्राच्या फोनवरून उषाताईंना लावला. केंद्राचा प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो. मी आपल्या मोबाईलवरून गुपचूप सांगितलं असतं तर ते एका बाईने ऐकलेलं बोलणं ठरलं असतं. इथून बोललं की केंद्राचा इशारा होतो, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला तो होडीवाल्यांना ऐकवावा लागतो.

विश्वासराव समोर होते. “रेकॉर्ड होतंय, माहीत आहे ना?”

“म्हणूनच इथून लावतो आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, “मी जरा चहा घेऊन येतो.” दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं.

मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. म्हणालो, “उद्या अकरानंतर तुमच्या जुन्या यंत्रांची हाक कुणालाही ऐकू येणार नाही. नवी यंत्रं हातात पडेपर्यंत होड्या सोडू नका. हे ध्वनिमुद्रण बंदरावर वाजवायला लावा.”

उषाताई म्हणाल्या, “त्या दिशी तुमी येईल म्हनालात.”

“खोटं बोललो.”

“मग खरं त्या दिशी का आज?”

“आज.”

“आमी कसं वलखायचं, भाऊ?”

मी म्हणालो, “तेव्हा मी नाव सांगितलं नव्हतं. आज सांगितलं आहे. माझी नोकरी जाईल, ताई. त्यावरून ओळखा.”

त्या म्हणाल्या, “काही ऐकतील. समदे नाय ऐकनार. अडीच महिने चूल कशी पेटली ते आमाला ठावं. आमचा मानूस तर...” मग फोन त्यांच्या नवऱ्याच्या हातात गेला.

“साहेब, तुमचं यंत्र नव्हतं तवा पन आमचे बाप जात व्हते.”

“तेव्हा किती परत येत नव्हते?” मी विचारलं.

मागे उषाताई काहीतरी बोलत होत्या, रडत होत्या की भांडत होत्या ते कळलं नाही. फोन ठेवला गेला.

विश्वासराव आले तेव्हा त्यांच्या हातात चहा नव्हता. “मुख्यालयाला कळायला दोन दिवस लागतील. तोवर तुम्ही पाळीवर आहात,” म्हणाले. “उद्याचा आदेश मी पाठवतो. तुम्ही घरी थांबा. निदान तेवढं तरी तुमच्या हातून नको.”

मी विचार करून सांगतो म्हणालो.

१७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी उषाताईंचा फोन आला. अर्ध्याहून जास्त होड्या वर ओढून ठेवल्या आहेत. ध्वनिमुद्रण बंदरावर तीनदा वाजलं. त्यांचा नवरा नारळ वाहून होडीत बसला, दोन सोबती घेऊन. त्या एवढंच सांगून थांबल्या. मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्यांनी दिल्या नाहीत.

दहा वाजता केंद्रावर पोचलो. विश्वासराव माझ्या खुर्चीत बसले होते. मी त्यांना उठायला सांगितलं. ते म्हणाले, “रमाकांतजी, हट्ट नको.” मी म्हणालो, दिवस मी काढून दिला, ऐकू येईल असं मी सांगितलं, आता दुसऱ्याच्या हाताने बंद करवून मला हात धुऊन बसायचं नाही. ते उठले. जयतिलक साहेब मागे भिंतीला टेकून उभे होते.

शेवटची काही मिनिटं मी कानाला यंत्र लावून तारक जे ऐकतो ते ऐकलं. समुद्र शांत होता. कुणाची हाक नव्हती. असती तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

अकरा वाजले. वाट पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. देवाचं नाव घेतलं नाही, या कामात त्याला ओढावं असं वाटलं नाही. आदेश मी माझ्या हाताने पाठवला. तारकची रेघ थांबली. जयतिलक साहेबांच्या पडद्यावर नवी रेघ सुरू झाली.